रेव्हरंड पेटवेंना आणायला कोणाची गाडी

शनिवारी संध्याकाळी जेवायला बसलं की हा विषय निघणार, हे कॉर्डीलियाला ठाऊक होतं. म्हणून तिनं मॅकरोनीत चीज दुप्पट घातलं होतं. तोंडं भरलेली असली की मेबरी मंडळींचे आवाज जरा खालच्या पट्टीत राहतात, आणि खालच्या पट्टीतलं भांडण तिला ऐकूच येत नसे. दोन्ही बाजूंनी सोय.

तिचे कान कारखान्यानं नेले होते. पत्रा ठोकून गाड्यांची दारं आणि टप बनवणाऱ्या अजस्र यंत्रांजवळ तिनं उमेदीची सगळी वर्षं काढली. डावा कान निवृत्तीच्या आधीच गेला, आणि उजव्याबद्दल डॉक्टरांनी अलीकडेच सांगितलं होतं की नाताळपर्यंत टिकला तर देवाची कृपा म्हणा. कानात घालायचं यंत्र होतं. शांत खोलीत, एकच माणूस, जवळ बसून बोलला तर ते इमानेइतबारे काम करी. पण माउंट नेबो चर्चमध्ये ऑर्गन आणि ड्रम सुरू झाले, सगळी मंडळी उठून 'आमेन' म्हणू लागली, की त्यातून फक्त भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज येई. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती शेजारणीच्या ओठांकडे बघे आणि ते हलले की आपणही 'आमेन' म्हणे.

उद्या रविवारी चर्चच्या वर्धापनदिनाला रेव्हरंड अ‍ॅम्ब्रोझ पेटवे येणार होते. मिसिसिपीहून, तिच्या माहेरच्या गावाहून. त्यांच्या वडिलांनी तिला नदीत उभं करून बाप्तिस्मा दिला होता. त्या घराण्याचं प्रवचन म्हणजे सुरुवातीला नुसतं बोलणं, शेजाऱ्यानं कुंपणावर टेकून बोलावं तसं. मग शब्द हळूहळू लांबायला लागतात, श्वासाला ताल येतो, आणि बोलणं कुठं संपलं नि गाणं कुठं सुरू झालं हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. कळतं तेव्हा डोळे भरलेले असतात. थोरल्या पेटवेंची ती चाल मुलाच्या गळ्यात जशीच्या तशी उतरली आहे, असं गावाकडची माणसं फोनवर ओरडून सांगत. ती चाल एकदा ऐकायची, मग कान गेले तरी चालतील, असा सौदा कॉर्डीलियानं देवाशी केला होता. देवानं अजून हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

तिच्या नवऱ्यानं, लूशियसनं, काटा खाली ठेवला आणि जाहीर केलं की पाहुण्यांचं विमान दुपारी डेट्रॉइटला उतरेल, आणि ते आपल्या गाडीतून येतील.

आपली गाडी म्हणजे गॅरेजमधली ती लांबलचक मरून रंगाची सेडान. इथंच, फ्लिंटच्या कारखान्यात, लूशियसच्या डोळ्यांदेखत जन्मलेली. तिचं उजवीकडचं पुढचं दार त्यानं स्वतःच्या हातानं बसवलं होतं, निदान त्याचा तसा दावा होता, आणि गाडीबद्दलची कुठलीही चर्चा तो त्या दारापाशी आणून सोडी. इंजिन खोकतंय म्हटलं तर तो म्हणे, दार लावून बघ. तेल फार पिते म्हटलं तरी तो म्हणे, दार लावून बघ. आणि खरंच, ते दार असं घनगंभीर लागायचं की बँकेच्या तिजोरीनं त्याच्याकडे शिकवणीला यावं.

"डॅडी, दारावर बसून नाही येता येत डेट्रॉइटहून," व्हर्लीन म्हणाली.

व्हर्लीन ही थोरली. हॉस्पिटलात नर्स. तिनं जपानी गाडी घेतल्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं, आणि ती गाडी लूशियसनं आजवर पाहिली नव्हती. म्हणजे अशी रीत पडली होती. परदेशी गाडी माझ्या दारात उभी राहणार नाही, असं तो एका थँक्सगिव्हिंगला बोलून गेला होता. मुलीबद्दल काही बोलला नव्हता. म्हणून मुलगी येत असे आणि गाडी कोपऱ्यावरच्या कोनी आयलंड नावाच्या खानावळीच्या आवारात, सॉसेजच्या वासात थांबत असे. आत आल्यावर लूशियस विचारी, बस वेळेवर मिळाली का, आणि ती म्हणे, मिळाली डॅडी. शनिवारी संध्याकाळी त्या बाजूला बस येतच नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं. खुद्द लूशियसला सगळ्यांत जास्त माहीत होतं, कारण बस बंद झाली तेव्हा तक्रार करायला तोच गेला होता.

धाकटा थेडियस वडिलांच्या बाजूनं होता. तो अजून ट्रकच्या कारखान्यात कामाला, युनियनचा माणूस, आणि टेबलावर बसला की त्याच्या अंगात सभा येई. त्यानं सांगितलं की रेव्हरंड पेटवेंसारखा माणूस फ्लिंटमध्ये परक्या गाडीतून उतरला तर चर्चच्या पायऱ्यांवर उभे असलेले सगळे निवृत्त लोक ते बघतील, आणि डॅडींना पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल.

"आणि ते उतरलेच नाहीत तर?" व्हर्लीनने विचारलं. "मधेच रस्त्यात अडकले तर?"

"आपली गाडी अडकत नाही," लूशियस म्हणाला.

"माझी आधीची आपलीच होती. बर्फात, नाइट ड्युटीला जाताना, इतक्या वेळा बंद पडली की टो ट्रकवाला मला नावानं हाक मारायला लागला. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली मला, डॅडी."

"तू तेल बघत नव्हतीस."

"ह्या गाडीत मी काहीच बघत नाही, तरी चालते."

"तेच तर म्हणतोय मी. काही बघायलाच नको, तर तुझं नि गाडीचं नातं काय राहिलं?" मग त्यानं चर्चमधल्या डीकन साइक्सच्या जर्मन गाडीचा दाखला दिला. तिचा पुढचा एक दिवा गेला तर मेकॅनिकनं अख्खं थोबाड उतरवून ठेवलं आणि बिल असं हातात दिलं की साइक्स तिथंच खुर्चीवर बसला. त्याच दिव्यासाठी लूशियसच्या गाडीला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. व्हर्लीन म्हणाली, जर्मन वेगळे नि जपानी वेगळे. लूशियस म्हणाला, त्याला दोघांमधला फरक सैन्यात असताना नीट समजावून सांगितला होता, आणि त्यात गाड्यांचा विषय निघाला नव्हता.

थेडियसनं मग तो हुकमाचा पत्ता टाकला. म्हणाला, जिथं डॅडींचा कारखाना होता तिथं आता गवत आहे, मैलभर नुसतं गवत, आणि ते उगाच उगवलेलं नाही.

लूशियस ताटाकडे बघत राहिला. त्या गवतावरून तो आजही गाडी हळू करून जातो, हे सगळ्यांना माहीत होतं.

"कारखाना मी नाही बंद केला, डॅडी," व्हर्लीन हलक्या आवाजात म्हणाली. "मी ड्युटीवर होते."

कॉर्डीलियाला हे शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही, पण नवऱ्याचे खांदे उतरलेले दिसले, आणि तिला तेवढं पुरलं. तिनं मोठा चमचा टेबलावर आपटला. ती म्हणाली, पाहुणे माझ्या माहेरचे आहेत, तेव्हा मी ठरवते. लूशियसची गाडी जाईल. आणि मी बरोबर जाणार, कारण रेव्हरंडांशी दोन शब्द बोलायला चर्चच्या गर्दीत जमायचं नाही.

व्हर्लीनने आईकडे असं पाहिलं की जणू तिनं मतदानाच्या दिवशी पक्ष बदलला. ती आईसाठीच भांडत होती. ममाच्या कानाबद्दल डॉक्टरांशी बोलायला तीच गेली होती. उद्याचं प्रवचन चुकलं तर पुढचं मिळेलच असं नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

जेवणानंतर व्हर्लीन भांडी विसळत होती आणि थेडियस पुसत होता. मग थेडियसनं दाराकडे बघून घेतलं आणि विचारलं, तुझ्या त्या डबीत किती माणसं बसतात?

"पाच. का रे? युनियनला चालेल?"

त्याचा ट्रक सध्या कुठं आहे, हे तिनं विचारलं नाही. तो गिअरबॉक्ससाठी पुन्हा दुकानात होता आणि थेडियस आजही शेजाऱ्याबरोबर आला होता. 'नवीन आहे, बसतोय अजून,' असं तो ट्रकबद्दल म्हणत असे. ट्रक बसला होता, हे खरंच होतं.

ठरलं असं की उद्या दोघं व्हर्लीनच्या गाडीतून डॅडींच्या मागोमाग जायचं. इतकं मागं की आरशात दिसायचं नाही, इतकं जवळ की काही झालं तर पोचता येईल. डॅडींना कळू द्यायचं नाही. ममाला तर अजिबात नाही. भांडण टेबलावर राहिलं आणि बहीणभावांचा तह मोरीपाशी झाला. त्या घरात नेहमी असंच होत आलंय.

निघताना व्हर्लीन मुद्दाम गॅरेजमधून गेली. वडिलांची गाडी तेल पिते हे तिला लहानपणापासूनच्या अनुभवानं माहीत होतं. कपाटावर तेलाचे डबे ओळीनं ठेवलेले असत. तिनं बॉनेट उघडलं, एक डबा ओतला, बॉनेट अलगद टेकवलं. तेल मोजायची कांडी काढून बघावी असं तिच्या मनातही आलं नाही. त्या गाडीत तेल कमीच असणार, त्यात बघायचं काय? जाता जाता तिनं ते प्रसिद्ध दार उगाच एकदा लावून पाहिलं. दार छानच होतं.

रविवारी सकाळी संडे स्कूलच्या आधी थेडियस आला, डॅडींचा पेपर घ्यायच्या निमित्तानं. गॅरेजमध्ये शिरला. टेबलावर मोठमोठ्यानं ज्या गाडीची ग्वाही दिली, ती आज तोंडघशी पाडेल की काय, या धास्तीनं त्याला झोप लागली नव्हती. त्यानंही एक डबा ओतला. कांडीचं कडं जुन्या काळीच तुटलं होतं, ती काढायची म्हणजे पक्कड लागते, आणि अंगात रविवारचा फिकट सूट होता. त्यानं प्रार्थना केली आणि बॉनेट लावलं.

तासाभरानं लूशियस आला. तो रोज तेल बघणारा माणूस. पण आज पांढरा शर्ट होता, वाचायचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता, आणि कॉर्डीलिया तयार होऊन पोर्चवर उभी होती. माणसानं गाडीची काळजी घ्यावी, असं कालच मुलीला बजावलेलं. त्यानं सवयीनं एक डबा ओतला आणि बॉनेटवर थाप मारली. त्याला वाटलं, गाडी आज जरा समाधानी दिसतेय.

विमानतळापर्यंत गाडी सुरेख गेली. जरा जड वाटत होती, पण लूशियसला ते भारदस्तपणा वाटलं. रेव्हरंड पेटवे आले ते दोन माणसांएवढे एक, डोक्यावर हॅट, हातावर झगा. त्यांनी कॉर्डीलियाचे दोन्ही हात हातात घेतले, तिच्या वडिलांचं नाव घेतलं, विमानतळाच्या गोंगाटात आणखी बरंच काही बोलले. ती हसून मान डोलावत राहिली. तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. मग ते पुढच्या सीटवर बसले आणि दार लावलं.

"वा," ते म्हणाले. "काय दार आहे, ब्रदर मेबरी."

लूशियसच्या मनात आलं की चर्चनं आजवर बोलावलेल्या वक्त्यांमध्ये हा खरा अधिकारी पुरुष.

कॉर्डीलिया मागे बसली होती. तिला दिसत होती फक्त रेव्हरंडांची मान आणि हॅटचा काठ. इंजिनाचा घरघराट तिच्या यंत्रात शिरला होता आणि त्यात पुढचं बोलणं बुडून जात होतं. दोन शब्द बोलायचे म्हणून आलेली ती, दोन शब्दही ऐकू शकत नव्हती. आणि चर्चमध्ये काय होणार हे तिला माहीत होतंच. ऑर्गन, ड्रम, भांड्यांची मांडणी. खिडकीबाहेर मक्याची शेतं मागे पळत होती. तिनं देवाला आठवण करून दिली की सौदा अजून बाकी आहे.

पुढे मात्र वेगळाच प्रसंग चालला होता. गप्पांच्या ओघात रेव्हरंडांनी सहज सांगितलं की ते गावाकडे एक छोटा पिकअप चालवतात, जपानी, मुलगा शाळेत होता तेव्हा घेतलेला, आता त्या मुलाला मुलं झाली. टायरांशिवाय काही बदललं नाही. मागे मासे ठेवतात, त्याचा वास तेवढा जात नाही.

लूशियसनं आरसा उगाच नीट केला. मग म्हणाला, मासे चांगले लागतात का तिकडे?

त्यानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा सूर बदलला. आधी खाकरल्यासारखं झालं, मग गाडीनं दोन आचके दिले, आणि मागच्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला. नुसता निळा धूर. मागून येणारे लोक दिवे लावून, भोंगे वाजवून, दूर होऊन पुढे जाऊ लागले.

रेव्हरंडांनी वळून मागं पाहिलं. "इस्राएल लोकांच्या पुढे ढगाचा खांब चालायचा, ब्रदर," ते म्हणाले. "आपला मागे चालतोय."

गाडी रस्त्याच्या कडेला आली आणि गप्प झाली. लूशियसनं किल्ली फिरवून पाहिली. गाडीनं उत्तर दिलं नाही. तो उतरला, बॉनेट उघडलं, डिकीतून पक्कड आणली आणि ती कांडी ओढून काढली. मग ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. आयुष्यभर त्यानं ह्या कांडीवर तेल खुणेच्या खालीच पाहिलं होतं. आज ते खुणेच्या इतकं वर होतं की कांडी आंघोळ करून आल्यासारखी दिसत होती.

तेवढ्यात मागे एक करडी गाडी येऊन थांबली. व्हर्लीन उतरली, दुसऱ्या बाजूनं थेडियस उतरला. लूशियसनं ती गाडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मग मुलीकडे पाहिलं.

"बस चुकली, डॅडी," ती म्हणाली.

त्यानं कांडी पुढं केली. थेडियसनं ती पाहिली आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यानं घसा साफ करून सांगितलं की सकाळी पेपर घ्यायला आलो होतो तेव्हा एक डबा मी ओतला. व्हर्लीन म्हणाली, अरे देवा, मी काल रात्री ओतला. लूशियस खाली बघून म्हणाला, आणि मी निघताना. तिघं बॉनेटभोवती उभे राहिले. तिघांची उमर गाड्यांच्या गावात गेलेली, दोघांची तर कारखान्यातच.

कॉर्डीलिया खिडकीतून बघत होती. काय झालं, तिनं विचारलं. व्हर्लीनने तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. कॉर्डीलियाचा हात तोंडावर गेला.

"मी तर काल दुपारीच घातलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही जेवताना भांडत बसाल आणि तेलाचं कुणी बघणार नाही."

रेव्हरंड पेटवेंनी हॅट काढून छातीशी धरली, मयताला उभं राहताना धरतात तशी. "एवढं प्रेम कुठल्याच इंजिनाला सोसणार नाही," ते म्हणाले. "इकडचं असो की तिकडचं."

लूशियसचा चेहरा मात्र हळूहळू उजळला. "म्हणजे गाडीत दोष नव्हता," तो म्हणाला. त्यानं पुन्हा सांगितलं, की हे नोंदवून ठेवा, गाडीत दोष नव्हता.

थेडियसनं सांगितलं की तो गाडीपाशी थांबेल, त्या टो ट्रकवाल्याला बोलावेल, व्हर्लीनचं नाव घेतलं की तो धावत येतो. तुम्ही निघा, कार्यक्रमाची वेळ होत आली. व्हर्लीनने करड्या गाडीची दारं उघडली. रेव्हरंडांचा झगा डिकीत गेला, कॉर्डीलिया मागच्या सीटवर बसली. लूशियस तिथंच उभा राहिला, मरून टपावर हात ठेवून.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मी हिला सोडून नाही येत."

व्हर्लीनने आकाशाकडे पाहिलं. थेडियसनं बुटांकडे. सगळा दिवस त्या एका म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापाशी येऊन अडकला होता, आणि घड्याळ काही कुणासाठी अडकत नव्हतं. आतून कॉर्डीलियाचा आवाज आला. ती नवऱ्याला एरवी नावानं हाक मारी.

"मिस्टर मेबरी," ती म्हणाली. "चर्चच्या त्या बाकावर मी तुझ्याशिवाय एकदाही बसलेली नाही. आज मला बसवू नकोस."

लूशियसचा हात टपावरून निघाला, पण पाय निघेनात. तेव्हा रेव्हरंड त्याच्याजवळ आले आणि म्हणाले की आजचं बायबलमधलं वचन कुठलं घेतलंय ते तरी ऐका. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. फिलिप रस्त्यानं पायी चाललाय. परदेशातला एक माणूस रथातून चाललाय. आणि पवित्र आत्मा फिलिपाला सांगतो, जा, त्या रथाला जाऊन गाठ.

लूशियसनं डोळे बारीक केले. "हे तुम्ही आत्ता इथं जुळवलंत."

"गेले तीन आठवडे ह्याच्यावर बसलोय, ब्रदर. माझ्या बायकोला फोन लावा हवा तर. ती कंटाळलीय फिलिपाला."

मग लूशियस आला. पुढच्या सीटवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन, चर्चच्या बाकावर परका माणूस बसतो तसा. दार ओढलं. ते हलकेच लागलं, बिस्किटाच्या डब्याचं झाकण लागावं तसं, आणि त्याला फार बरं वाटलं. मागे रेव्हरंड कॉर्डीलियाच्या उजव्या हाताला बसले. गाडी रस्त्याला लागली.

लूशियसनं कान टवकारले. आयुष्यभराची त्याची ही विद्या. कारखान्याच्या गोंगाटात एखादा सैल बोल्ट तो चार दारांपलीकडून ओळखत असे. कुठंतरी काहीतरी खडखडेल, कुरकुरेल, निदान शिट्टी मारेल म्हणून तो ऐकत राहिला. डॅशबोर्डला गुडघा लावून पाहिला. काच बोटानं वाजवून पाहिली. काही नाही. गाडी चालू आहे की नाही हे बघायला खिडकीबाहेर पाहावं लागत होतं. हे त्याला बरोबर वाटलं नाही. चालणारी वस्तू काहीतरी बोलली पाहिजे.

मागून रेव्हरंडांनी विचारलं, पोचेपर्यंत मी जरा गुणगुणलो तर चालेल का? व्यासपीठावर चढायच्या आधी एकदा गळा तापवायची माझी सवय आहे. व्हर्लीनने रेडिओ बंद केला आणि काचा वर घेतल्या.

आधी ते नुसतं बोलले. रस्त्याबद्दल, जेरुसलेमहून गाझाकडे उतरणाऱ्या ओसाड रस्त्याबद्दल, उन्हाबद्दल. फिलिपाच्या पायाला फोड आले असतील, ते म्हणाले, पुस्तकात लिहिलं नाही पण मला माहीत आहे, मी पण चाललोय. मग एक शब्द जरा लांबला. पुढच्याला श्वास लागला. मांडीवर हाताची थाप पडू लागली, हलकी, ठरावीक. आणि कधी ते गाऊ लागले हे लूशियसला कळलं नाही.

"आणि आत्मा म्हणाला, धाव फिलिपा... आणि फिलिप धावला... त्यानं विचारलं नाही, रथ कुणाचा... त्यानं विचारलं नाही, कुठल्या गावच्या लोहारानं घडवला..."

इथं लूशियसनं नाकातून आवाज काढला. हे शेवटचं तीन आठवड्यांपूर्वीचं नक्कीच नव्हतं.

"सांगा," मागून कॉर्डीलिया म्हणाली.

"तो म्हणाला, वाचतोस ते समजतं का तुला, भावा..."

"विचारा त्याला."

"आणि परका म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजावं... ये, वर ये... बस माझ्याजवळ..."

"बस, बस त्याच्याजवळ," कॉर्डीलिया म्हणाली, आणि तिचा आवाज कापला.

लूशियसच्या मानेवर काटा आला. ते शब्दांमुळे नव्हतं. दोन वर्षं, कदाचित जास्तच, तो चर्चमध्ये तिच्या शेजारी बसत आला होता, आणि तिचं 'आमेन' नेहमी अर्धा श्वास उशिरा येई. ती पलीकडे बसणाऱ्या मिस क्लोटिल्डाच्या ओठांकडे बघते, हे त्यानं कधीच ओळखलं होतं. बोलला नव्हता. काय बोलणार? आता तिचं उत्तर रेव्हरंडांच्या शब्दाला लागून येत होतं, मधे पात्याएवढी फट नव्हती.

त्यानं समोरचा, ऊन अडवायच्या झडपेवरचा आरसा हळूच खाली ओढला. त्यात ती दिसत होती. डोकं सीटला टेकलेलं, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिचे डोळे मिटलेले होते. ती कुणाच्याच ओठांकडे बघत नव्हती.

व्हर्लीनच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. चर्चमधून असणार. लूशियसनं पर्स मांडीवर घेतली, फोन शोधला, इकडेतिकडे दाबून तो कसाबसा गप्प केला. मागे रथ अजून चालला होता, फिलिप आत बसला होता, बाप्तिस्म्याचं पाणी अजून लागलेलं नव्हतं. पुढे हिरव्या पाटीवर फ्लिंटचं नाव आलं. व्हर्लीनने उजवीकडचा दिवा लावला.

"सरळ घे," लूशियस म्हणाला.

"डॅडी, चर्च इकडे आहे. सगळे वाट बघतायत."

"चर्च कुठं आहे मला माहीत आहे." त्यानं आरशातून नजर काढली नाही. "पुढच्या फाट्यानं उतर. आणि जरा हळू चालव."

व्हर्लीनने वडिलांकडे पाहिलं, मग आरशात. तिनं दिवा बंद केला.